भोपळ्याची एक धाव

टपाल कचेरीत दिवसभर शिक्के मारून त्याचं मनगट असं काही तयार झालं होतं, की चेंडू हातभर वळायचा. बॅट मात्र त्याच्या हातात शोभेची काठी. नऊ वर्षांत प्रांताकडून एकवीस सामने, सत्त्याऐंशी बळी, आणि धावा शून्य. सगळे त्याला भोपळाच म्हणत, सासरेसुद्धा, प्रेमानं.

आता अडतिसावं लागलं होतं, हा सामना शेवटचा. "एक धाव काढू दे, मग खुशाल मरेन," असं बायकोला सांगून तो निघाला.

"मरताय कशाला? वेळेवर घरी या," ती म्हणाली, आणि मागोमाग स्वतःच मैदानावर हजर झाली.

आठवा गडी बाद झाला. नववा गेला की नंबर याचा. याने पॅड बांधले आणि पोटात कळ आली, म्हणून संडास गाठला. तेवढ्यात बाहेर फटकेबाजी सुरू. जोडी जमली की तंबूत कुणी जागचं हलायचं नाही, हा कप्तानाचा कायदा. कप्तान दातांचा डॉक्टर. माणसं जखडून ठेवायची सवयच.

"भोपळ्या, आहेस तिथंच बस!"

"अहो, झालंय माझं!"

"तुझं झालं असेल, आपलं व्हायचंय! उठलास तर बघ!"

बसला बिचारा दोन तास दहा मिनिटं. शिकलीसवरलेली माणसं हो सगळी!

एक धाव हवी असताना नववा गडी गेला. भोपळा बाहेर आला तो लाकडी बाहुल्यासारखा, कमरेखाली ठार बधिर. पहिल्याच चेंडूला डोळे मिटून बॅट फिरवली. धप्प!

"पळ!" समोरचा ओरडला. हा लटपटत, हवेत हात वल्हवत पलीकडे पोचला. जिंकले!

पण पंचांनी गुडघा वर घेऊन थोपटला. म्हणजे चेंडू पायाला लागला. धाव संघाची, याची नव्हे.

"साफ चूक! पायाला लागला असता तर मला कळलं नसतं?"

पंच शाळेचे हेडमास्तर. "मला कळलंय, तेवढं पुरे."

घरी येईपर्यंत याचा एकच हेका: हक्काची धाव चोरली. मग हळूहळू पायांत मुंग्या आल्या, आणि पाठोपाठ, "आई गं!"

मांडीवर जांभळं, वाटोळं, टरारून फुगलेलं टेंगूळ. बायकोने चष्मा लावून ते नीट न्याहाळलं.

"नाहीच फुटला म्हणायचा भोपळा," ती म्हणाली. "हेडमास्तरांची माफी मागा उद्या. आता शेक आणते. बसा तिथंच, हलू नका!"

'हलू नका' ऐकताच तो ताडकन उठून उभा राहिला.