चवकाका आणि खोकल्याची बाटली

चवकाकांचं खरं नाव फक्त काकूंना ठाऊक होतं, आणि त्याही ते रागावल्याशिवाय घेत नसत. एकोणतीस वर्षं काका नदीकाठच्या पंपघरात पाणी चाखत आले होते. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. भरती आली की तो चोरपावलांनी नदीत शिरायचा, तोही तळातून. खारं पाणी जड, गोडं हलकं. त्यामुळे वर नदी आपल्याच तंद्रीत वाहतेय आणि खाली समुद्र पाय पसरून बसलाय, असा प्रकार.

गावाला पाणी देणाऱ्या पंपाचं तोंड नेमकं तळाशी. काका दोरीला बांधलेली बाटली तळाशी सोडत, हिसका देऊन तिचं बूच उडवत, भरली की वर ओढत, घोट तोंडात घोळवत आणि खारा लागला की ‘बंद!’ म्हणून ओरडत. ऐकायला तिथे कुणी नसे, बटणही तेच दाबत; पण ओरडल्याशिवाय त्यांचं बोट चालत नसे. खारेपणा मोजायचं यंत्र दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीला गेलं आणि तिकडेच रमलं. काकांनी चौकशी केली नाही. सवतीची चौकशी कोण करतं?

मग त्यांना आठवडाभर ताप आला. तो उतरल्यावर पहिल्याच जेवणात काकांनी भाजीचं तोंड भरून कौतुक केलं.

काकू बघतच राहिल्या. "अहो, मीठ घालायला विसरलेय मी."

"चेष्टा करतेस?"

काकूंनी चिमूटभर मीठ त्यांच्या तळहातावर ठेवलं. काकांनी चाटलं. वाळू चघळल्यासारखं वाटलं. त्यांचा चेहराच उतरला. उद्या दुपारी वर्षातलं सगळ्यांत मोठं उधाण होतं, आणि उद्याच ते कामावर रुजू होणार होते. चूक झाली तर गावभर खारं पाणी.

"बाईंना फोन करा," काकू म्हणाल्या. बाई म्हणजे पाणीखात्याच्या इंजिनिअर.

"काय सांगू? जीभ रजेवर आहे? अगं, जीभ गेली तर माझ्यात उरलं काय?"

"कटकट. ती ठणठणीत आहे."

काका रुसून बसले. समोर खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली होती. तिच्याकडे बघता बघता ते ताडकन उठले. दुपारभर काकूंच्या स्वयंपाकघरात पसारा मांडून त्यांनी बाटलीत तांदूळ भरले, झाकण घट्ट लावलं आणि ती गोड्या पाण्याच्या बादलीत सोडली. तरंगली. आणखी चार दाणे. तरंगली. आणखी दोन, आणि ती अलगद बुडाली.

"आता बादलीत मीठ टाक. समुद्राइतकं."

काकूंनी मीठ ढवळलं, चाखलं आणि असं तोंड केलं की काकांना पुरावा मिळाला. बाटली हळूच वर आली.

दुसऱ्या दिवशी काकू डबा घेऊन पंपघरात हजर. "बाटलीवर विश्वास आहे माझा. तुमच्यावर नाही."

तळातलं पाणी काढायचं, बादलीत ओतायचं, औषधाची बाटली सोडायची. बुडाली. पुन्हा बुडाली. तिसऱ्या बादलीत ती तळाला टेकली, जरा घुटमळली आणि वर आली. काका काकूंकडे बघत राहिले. काकूंनी ओंजळीतलं पाणी जिभेला लावलं. "शी! समुद्रच की हो!"

"बंद!" काका ओरडले. पहिल्यांदाच कुणीतरी ऐकलं.

मग त्यांनी स्वतःच फोन लावला. "बाई, खारं पाणी आलं, पंप बंद केलाय. आणि माझी चव गेलीय."

"अरे बापरे! मग पंप बंद कुणी केला?"

"खोकल्याच्या बाटलीने."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "काका, अशा चार बाटल्या करून द्या. नवी यंत्रं येईपर्यंत बाकीच्या पंपघरांनाही लागतील. आणि कसं करायचं ते तुम्हीच शिकवायचं."

संध्याकाळी काकूंनी ताट वाढलं. "कशी झालीय भाजी?"

काकांनी घास घेतला. त्यांनी आधी काकूंना घास घेऊ दिला आणि भरतीच्या वेळी बादलीकडे बघितलं होतं तसं टक लावून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काकूंच्या भुवया किंचित उंचावल्या.

"मीठ जरासं जास्त झालंय," काका समाधानाने म्हणाले.