स्लाइड फिल्मचा लाल रंग

तीन रोल फिल्मचे, माणसं तिघं, आणि किस्से मात्र इतके झालेत की डिचोलीत चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "तो सांग रे!" मी सांगतो, लोक हसतात. माझं डोकं मात्र अजूनही तापतं.

*

मी लग्नाचे फोटो काढतो, सगळं डिजिटल. मुळगावच्या शांताकाकीच्या शेतात खाणीची लाल माती वाहून आली, तेव्हा फोटो मीच काढले. पेरणीआधी खाणवाल्यांना गाळ उपसायचा हुकूम सुटायला हवा होता. पणजीतल्या खाण खात्याच्या साहेबानं फोटो बघितले आणि म्हणाला, "हो लाल रंग तुमी कंप्युटरार वाढयला!"

आजवर शेकडो नवऱ्या मी कंप्युटरवर गोऱ्या केल्या, कुणी चकार शब्द काढला नाही. ज्याला हात लावला नाही, तोच फोटो खोटा!

*

पेडण्याचा माझा दोस्त सुहास म्हणाला, "स्लाइड फिल्म वापर. निगेटिव्ह ना, प्रिंट ना. फिल्मार पडलां तां पडलां." वडिलांचा जुना कॅमेराही त्यानंच दिला.

पहिलाच फोटो काढला आणि सवयीनं कॅमेऱ्याची पाठ बघितली. काळं झाकण! दुसरा काढला, परत बघितलं. काकी म्हणाली, "कितें सोदता रे? पडलां कितें?"

आणि सुहास? किती फोटो उरले ते बघायला त्यानं ते झाकणच उघडलं. भर उन्हात! अख्खा रोल गेला. दोन दिवस मी त्याचा फोन घेतला नाही.

*

दुसऱ्या रोलला उजेडाचा अंदाज चुकला. डिजिटलवाल्याची खोड, मागाहून सुधारू! स्लाइडमध्ये मागाहून काही नसतं. मुंबईच्या लॅबमधून रोल धुऊन आला, तर चिखल फिकट गुलाबी. शेत कसलं, लग्नाचा मांडव वाटत होता. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पेरणी तोंडावर आली होती.

*

तिसरा आणि शेवटचा रोल घेऊन पोचलो, तर बांधाकडचा सगळा चिखल माडाच्या झावळ्यांनी झाकलेला! काकी नवं लुगडं नेसून उभी.

"काकी, हां कितें केलां?"

"फोटो काडतले म्हणून साफ केलां मरे! लोकांनी आमचां शेत असां गलिच्छ पळोवचां?"

मी तिच्यावर ओरडलो. ओरडायला नको होतं, तिचंच तर शेत होतं. मग तिघांनी मिळून झावळ्या ओढून काढल्या आणि छत्तीसच्या छत्तीस फोटो मी श्वास रोखून काढले.

*

स्लाइड आल्या. लाल म्हणजे लालच! शेताच्या कामातून तशीच उठवून, पाय धुवायलाही न देता काकीला पणजीच्या बसमध्ये घातली; सुहासही आला.

साहेबानं एक स्लाइड खिडकीकडे धरली. बराच वेळ बघितली. मला वाटलं, जिंकलो!

"फाइन! म्हाकाय फोटोग्राफीचो शोक आसा," तो म्हणाला. "पूण स्लाइड फिल्म रंग चड गडद दाखयता. हो रंग शेताचो न्हय, फिल्माचो."

सुहासनं माझा दंड धरला नसता, तर त्या दिवशी माझ्या हातून काहीतरी घडलं असतं.

काकी मात्र शांतपणे उठली. चप्पल काढली, लुगडं पोटरीपर्यंत वर घेतलं आणि पाय उचलून साहेबाच्या समोरच्या खुर्चीवर ठेवला.

"आनी ह्यो रंग खंयच्या फिल्माचो रे बाबा?"