खुनी कोण, ते विचारणाऱ्या काकू

वानखेडे काकू सिनेमा मध्येच थांबवायच्या आणि काकांना विचारायच्या, "सांगा बरं, खून कोणी केला?" सिनेमा बहुधा तोच असे. हॉलिवूडचा जुना, कृष्णधवल, एकमेकांना टोमणे मारत खुनाचा तपास लावणाऱ्या नवराबायकोचा. दोघांना तो पाठ होता. तरी काका हनुवटी खाजवत विचार करत आणि मुद्दाम चुकीचं नाव सांगत. काकू खूश.

कॅनडात एडमंटनला शिकत असताना मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे. दोघं मूळची नागपूरची. काका निवृत्त झालेले, काकू अजून लॅबमध्ये नोकरीला जात. रविवारी मला वर जेवायला बोलवत, मग सिनेमा. "खुनी जाऊ दे," काकू मला म्हणायच्या, "ती दोघं बोलतात कशी, ते पाह्य."

एका जानेवारीत बर्फ पडून गेल्यावर काकू खिडकीशी थबकल्या. शेजारी मार्गारेट नावाची म्हातारी एकटीच राहायची.

"अहो, तिच्या दारात पावलं नाहीत. कालचा बर्फ तसाच आहे."

"थंडी आहे. निघाली नसेल बाहेर."

"पक्ष्यांना दाणे टाकल्याशिवाय ती चहा घेत नाही."

"तुला जिथंतिथं केस दिसते," पुटपुटत काका बूट चढवायलाही लागले होते.

मार्गारेटने अडीनडीसाठी दिलेली किल्ली काकूंकडे होती. दार उघडलं, तर मार्गारेट वॉशरूममध्ये पडलेली सापडली. खुबा मोडलेला, पण शुद्धीवर. अँब्युलन्स येईपर्यंत काकू तिचा हात धरून फरशीवर बसल्या, आणि काका सापडेल ते पांघरूण आणून तिच्या अंगावर घालत राहिले. मार्गारेट वाचली.

पुढे नोकरीमुळे मी किचनर शहरात आले, निखिलशी लग्न झालं. गेल्या वर्षी काका झोपेतच गेले. मी फोन केला. बोलता बोलता काकूंनीच विचारलं, "तुम्ही दोघं भांडता का नाही?"

"नाही काकू. कामावरून येतो आणि आपापल्या लॅपटॉपपुढे बसतो. भांडण्याइतकंही बोलणं होत नाही."

"विचारत जा त्याला काहीतरी, पोरी. ठाऊक असलेलंच विचार. माणसाला सांगायला कोणीतरी लागते."

त्या संध्याकाळी मी निखिलला विचारलं, "आज डब्यात काय होतं?" डबा मीच भरला होता. त्याने आधी चमकून माझ्याकडे पाहिलं. मग लॅपटॉप मिटला, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि भाजीपासून सांगायला सुरुवात केली.