नाचणीचं पोतं आणि चुकलेली एसटी

गेल्या नाताळपासून माझी प्रार्थना बंद पडली होती. खोटं कशाला बोलू? आमचे हे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, वाचा गेली. चर्चमध्ये दर रविवारी गायनाला पहिला सूर लावणारा त्यांचा आवाज ऐकायला माझा जीव तुटायचा. त्यात मी हट्टी बाई. कूस मीच बदलणार, घास मीच भरवणार. शेजारच्या शांताबाई म्हणायच्या, "तुमी जाऊन या उपासनेला, मी बसते." मी नको म्हणायची. दमल्याभागल्यांना प्रभू विसावा देतो, हे मला लहानपणापासून पाठ. माझ्या वाट्याला तो का येत नाही, म्हणून त्याचाच राग यायचा.

ह्यांना नाचणीची पेज तेवढी गिळता येते. तळेघरच्या शाळेत ह्यांनी वीस वर्षं शिकवलं, म्हणून तिथल्या वाडीतलं एक घर आम्हाला दरसाल नाचणी ठेवतं. ती आणायला मी भातकापणीच्या दिवसांत घोडेगावहून सकाळच्या एसटीने गेले. शांताबाईंना बजावलं होतं, "नुसतं बसा. पेज मी येऊन भरवीन." वाडीतली सगळी माणसं कापणीला भाताच्या खाचरात. घरातली म्हातारी म्हणाली, "थांबा, कुनीतरी यील पोचवायला." मला कुठला धीर? एकची गाडी चुकली तर पुढची चारला, आणि हे तोवर उपाशी. तिच्याकडूनच पोतं डोक्यावर चढवून घेतलं आणि निघाले.

अर्ध्या वाटेत मान थरथरायला लागली. खाली ठेवावं तर पुन्हा उचलून कोण देणार? चालता चालता मी देवाशी भांडले. रडलेही. तेवढ्यात बांधावरून भात कापणारी एक बाई विळा ठेवून समोर आली आणि काही न विचारता तिने पोत्याला हात घातला.

"नको, गाडी चुकेल माझी," मी म्हणाले.

"चुकू द्या. आवं, आमच्याकडं भेटंल त्यानं उतरवायचं, भेटंल त्यानं चढवायचं. वझ्याला न्हाई म्हनत नसत्यात."

तिने पोतं उतरवलं, तांब्याभर पाणी दिलं. घटकाभर म्हणून मी झाडाला टेकले आणि गाढ झोपले. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. डोळे उघडले तेव्हा दोन वाजून गेले होते. ती शेजारच्याच खाचरात कापत होती. म्हणाली, "लई दमला व्हता. उठवू वाटंना." मला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिने चुंबळ नीट बसवली, पोतं चढवून दिलं. मी तिचं नावही विचारलं नाही, ते आजवर सलतं.

थांब्यावर पोचल्यावर फोनला रेंज आली. लगेच घरी फोन लावला. शांताबाई म्हणाल्या, "रागवू नका. ते सारखं पेजेच्या भांड्याकडं बघत व्हते, म्हनून भरवली. वाटीभर प्याले, आता झोपल्यात." खरं सांगते, आधी वाईट वाटलं. माझ्याशिवाय जेवले. मग तिथेच पोत्यावर बसून, मोडक्यातोडक्या शब्दांत का होईना, प्रभूचे आभार मानले. तो तर रोज शांताबाईंच्या रूपाने दारात उभा होता. ओझं सोडायला मीच तयार नव्हते.

आता दर रविवारी मी उपासनेला जाते. गायन सुरू झालं की पुरुषांच्या बाजूला कान लागतोच. तो सूर येत नाही आणि डोळे भरतात. प्रभूकडे तोही मागते, देणं न देणं त्याच्यावर सोडलंय. निघताना शांताबाईंना मी आता एवढंच सांगते, "पेज कोमट असू द्या. त्यांना गरम चालत नाही."