फाटकाशेजारची फट

माझे सासरे रेल्वेच्या फाटकावर नोकरीला होते. गाडी आली की फाटक लावायचं, गेली की उघडायचं, त्यात काय एवढं, असं मला लग्नानंतर कितीतरी वर्षं वाटायचं. निवृत्त होऊन ते आमच्याकडे राहायला आले तेव्हा कळलं की हा माणूस आयुष्यभर लोकांच्या घाईशी भांडत आलाय. घरात कोणी जिन्यावरून धावत उतरलं की आजही त्यांचा हात आपोआप आडवा होतो.

पण घरात अडवून अडवून अडवणार किती जणांना? नवरा खोक्यांच्या कारखान्यात, मी डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स, लेक शाळेत. बाबा दिवसभर दाराजवळच्या खुर्चीत बसून राहायचे. काही विचारलं तर "ठीक आहे," एवढंच. हळूहळू ते इतके गप्प झाले की येणारे-जाणारे त्यांच्याकडे न बघता थेट आत यायला लागले. मला ते बघवत नव्हतं आणि करावं काय तेही सुचत नव्हतं.

अशात एका रविवारी जेवताना त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. खालचं गोदाम रिकामंच आहे, आपली जुनी एअरगन ट्रंकेत पडून आहे, तर सगळ्यांनी मिळून नेमबाजी करायला तिथे जागा करू का?

लेकीचा घास हातातच राहिला. नवरा उष्ट्या हाताने गोदामाची लांबी सांगायला लागला. मी सरळ नाही म्हटलं. छर्रा लागलेले डोळे आमच्या वॉर्डात येतात. प्रत्येक वेळी घरचे एकच सांगतात, चुकून लागला. त्या 'चुकून'चा मला संताप येतो.

"आणि चूक होणारच नाही अशी जागा केली तर?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, करा. पण एक जरी चूक झाली, कोणाचीही, तरी बंदूक घराबाहेर. मला वाटलं होतं वाईट वाटेल त्यांना. उलट ते खूश झाले. अट अशीच पाहिजे म्हणाले, आणि ताटावरून उठले ते थेट गोदामात गेले.

त्यानंतर माझी पंचाईत झाली. परवानगी दिली होती नाक मुरडून, आणि ड्यूटीवरून आले की पाय आधी गोदामाकडेच वळायचे. रोज काहीतरी नवीन असायचं आणि त्यामागचं कारण विचारल्याशिवाय मला राहवायचं नाही. नेम धरणाऱ्याने दाराच्या बाजूलाच का उभं राहायचं? तर पलीकडच्या भिंतीला दार नाही, खिडकी नाही, तिकडून अचानक कोणी उगवणार नाही. त्या भिंतीपाशी बसवलेला पोलादी पत्रा वरून असा पुढे का झुकवलाय? सरळ उभा ठेवला तर छर्रा आपटून परत येईल, झुकवला की खाली वाळूच्या ट्रेमध्ये पडेल. मग त्याच्यापुढे ही जुनी सतरंजी कशाला? छर्रा पत्र्यावर पोचायच्या आधीच दमला पाहिजे म्हणून. मी ती नीट ताणून बांधायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. ताणलेलं कापड छर्रा परत फेकतं म्हणे, सैल सोडलेलं त्याला गिळतं.

ते नुसतं सांगून थांबणाऱ्यातले नव्हते. सगळ्या जमिनीवर पांढरे कागद अंथरून, गॉगल लावून, त्यांनी एकट्याने पुष्कळ छर्रे मारून पाहिले. मग गुडघ्यांवर बसून एकेका कागदावर डाग शोधत फिरले. नेम धरायच्या टेबलाच्या बाजूला एकही डाग सापडला नाही तेव्हा कुठे आम्हाला आत बोलावलं.

आत आलं की सगळ्यांनी गॉगल लावायचे, बघणाऱ्यांनीसुद्धा. छर्रे शिशाचे, म्हणून गोदामात खाणं-पिणं बंद आणि बाहेर पडताना साबणाने हात धुवायचे. डोळे असलेल्या कशावरही नेम धरायचा नाही, मग ते चित्र का असेना. लेक एका नटाचा फोटो घेऊन आली होती, तो परत गेला. त्याऐवजी तिने शाळेचं वेळापत्रक लावलं आणि गणिताच्या तासाची चाळण केली. सगळ्यात मजा खडूंची. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांत खडू उभे करायचे, नेम लागला की पांढरा धुरळा उडतो. माझ्या नवऱ्याने एकदा शेजारच्या चिमट्यातला खडू फोडला आणि तोच फोडायचा होता असं ठासून सांगितलं. माझा नेम चांगला निघाला. नाही म्हणणारी मी, माझीच पाळी कधी येते म्हणून घड्याळ बघत बसायची.

पण खरी करामत होती ती फाटकाची. नेमाच्या टेबलाच्या पुढ्यात बाबांनी कमरेएवढं फळ्यांचं फाटक बसवलं होतं. त्याला असं कुलूप, की ते लावल्याशिवाय त्यातली किल्ली निघतच नाही. आणि बंदुकीच्या पेटीलाही तसंच कुलूप, तीच किल्ली लागणारं. म्हणजे फाटक बंद झाल्याशिवाय बंदूक बाहेर येणार नाही, आणि बंदूक पेटीत परत गेल्याशिवाय फाटक उघडणार नाही. रेल्वेतही असंच असतं, फाटकाला कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही, हे सांगताना बाबांचा चेहरा पहिल्यांदा फुललेला पाहिला. त्या दिवसांत दाराजवळची खुर्ची रिकामी असायची. ते जेवताना बोलायचे. लेकीशी वाद घालायचे, हरायचे, पुन्हा घालायचे. ही नेमबाजीची रेंज बंद पडली तर हा माणूस परत त्या खुर्चीत जाऊन बसणार आणि मग उठणार नाही, हे मला दिसत होतं. अट माझीच होती, म्हणून मीच सगळ्यात जास्त धास्तावलेली असायची.

फाटक आणि भिंत यांच्यामध्ये एक फट होती. माणूस तिरका होऊन जाईल एवढी. मी ती पाहिली होती. खडू लावायला जाता यावं म्हणून असेल, असं स्वतःच ठरवून मोकळी झाले. एवढं सगळं विचारलं, आणि नेमकं तेच विचारलं नाही.

बार काढण्याआधी आम्ही "तयार" असं ओरडायचो. बाबांना ते पसंत नव्हतं, ओरडणं लोकांच्या कानावरून जातं म्हणे. एक दिवस ते भंगारवाल्याकडून जुन्या टेलिफोनची घंटा घेऊन आले. त्यांच्या फाटकावरच्या खोलीत अगदी तशीच होती. नवऱ्याने तिला वायर जोडून बटण टेबलावर बसवलं. बार काढणाऱ्याने बटण दाबायचं, मग आधी डावी भिंत बघायची, मग उजवी, आणि मगच बोट ट्रिगरवर न्यायचं.

त्या रविवारी पहिला नंबर लेकीचा होता. तिने फाटकाला कुलूप लावलं, किल्लीने पेटी उघडली, नळी बिजागरीवर खाली वाकवून छर्रा भरला. मी आणि बाबा मागच्या बाकावर बसलो होतो, नवरा दाराशी उभा होता. तिने बटण दाबलं. घंटा घरभर खणखणली.

बाबा उठले. मला वाटलं घंटेत काही बिघाड असेल, ती बघायला निघाले. त्यांनी डाव्या हाताने भिंतीवर काहीतरी चाचपलं, तिथे काहीच नव्हतं. मग ते तिरके होऊन त्या फटीतून पलीकडे गेले आणि खडूंच्या शेजारी, आमच्याकडे तोंड करून, ताठ उभे राहिले. इतकी वर्षं वॉर्डात काढून ऐन वेळी माझी जीभ टाळ्याला चिकटली.

लेकीने डावी भिंत बघितली. उजवी बघितली. मग बंदूक टेबलावर ठेवली, नळी बाजूच्या भिंतीकडे वळवली आणि दोन्ही हात वर करून एक पाऊल मागे सरकली.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही कुठे उभे आहात?"

बाबांनी खडूंकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मग त्यांना कळलं. जसे गेले तसेच फटीतून परत आले, बंदुकीतला छर्रा काढला, ती पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. अट तुझी होती, एवढंच म्हणाले.

रात्री नवरा म्हणाला, दिव्याखाली अंधार तो हा. मी त्याला गप्प केलं. मला म्हणी नको होत्या, मला कळून घ्यायचं होतं. बाबा परत त्या खुर्चीत बसले होते. मी त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसले आणि विचारलं, तिकडे गेलात कशाला?

"घंटा वाजली ना," ते म्हणाले. घंटा वाजली की खुंटीवरचं निशाण घ्यायचं, बाहेर पडायचं आणि गाडीला दिसेल असं रुळाशेजारी उभं राहायचं. नोकरीभर तेच केलं. आज पाय निघाले तेव्हा डोक्याला कोणी विचारलंच नाही.

"आणि ती फट?"

"फाटकवाल्याची वाट असते ती. प्रत्येक फाटकाला असते. फाटक इतरांसाठी गं. आपण आपलं बघून जातो, असं वाटायचं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. अट मोडली होती, त्यात शंका नव्हती. पण डोळा वाचला होता, आणि तो काही योगायोगाने वाचला नव्हता. डावी भिंत, उजवी भिंत, मग बोट, हे पोरीच्या अंगात कोणी भिनवलं होतं? मी सकाळी किल्ली पदरात बांधल्यासारखी मुठीत धरूनच ड्यूटीवर गेले. संध्याकाळी आले तर दाराजवळची खुर्ची रिकामी होती आणि खालून ठोकाठोक ऐकू येत होती.

गोदामात बाबा पत्र्याच्या बाजूला उभे राहून फटीवर फळ्या ठोकत होते. खालपासून वरपर्यंत, एकेक फळी हाताने हलवून बघत. मी म्हटलं, अहो, रेंज बंद करायची तर हे कशाला?

"बंद ठेव नाहीतर चालू ठेव, तुझ्यावर आहे," मान वर न करता ते म्हणाले. "पण हे काम राहिलं होतं."

शेवटचा खिळा ठोकला, हातोडी खाली ठेवली, हात झटकले आणि बाहेर यायला वळले. समोर फाटक. फाटकाला कुलूप. वाकून जायला जागा नाही आणि चढून यायला गुडघे नाहीत. त्यांनी फळ्यांवर हात ठेवले आणि आपण कुठे उभे आहोत ते पुन्हा एकदा पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते बंद फाटकाशी थांबले असतील.

"सूनबाई," ते म्हणाले, "जरा फाटक उघडतेस का?"

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मुठीतली किल्ली मी त्यांना दाखवली.

"थांबा, बाबा," मी म्हटलं. "आधी डावी भिंत बघू दे. मग उजवी."

मी दोन्ही भिंती नीट बघितल्या. ते फळ्यांवर हात ठेवून मुकाट्याने वाट बघत राहिले. मग मी कुलूप उघडलं आणि येत्या रविवारसाठी किल्ली त्यातच राहू दिली.