ओटीपी सांग, मम्मी

माझ्या मुलीचं सगळं जग माझ्या फोनवरून जायचं. शाळेपासून जिथे जिथे मोबाइल नंबर मागितला तिथे माझा लावलेला, कारण तिच्या पप्पांचा फोन तुर्भ्याच्या कारखान्यात गेटवरच जमा करावा लागतो. दिवसभर माझा फोन टुणटुणत असायचा आणि घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून आरोळी यायची, "मम्मी, ओटीपी सांग!" माझे हात पिठात असोत नाहीतर मच्छीत. मी चिडायचे. "मी काय तुझी ऑपरेटर आहे का गं?" म्हणायचे, आणि सांगायचे. आतून बरं वाटायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

बारावीनंतर तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं, तेही नागपूरलाच. तिथल्या एका कॉलेजात तिला हवी ती ब्रँच होती आणि मार्क्स काठावर का होईना, पुरत होते. आमच्या कोपरखैरण्यापासून रिक्षाने पंचवीस मिनिटांवर एक कॉलेज आहे, तेही काही वाईट नाही. पण तिचं एकच, "मम्मी, मला एकदा घराबाहेर राहून बघायचंय."

"राहा की," मी म्हणायचे. "लग्न झाल्यावर जन्मभर बाहेरच राहायचंय."

हे वाक्य माझं नव्हे, माझ्या वडिलांचं. माझं माहेर उरणच्या मोरा बंदरावरचं. मलाही मुंबईच्या कॉलेजात जायचं होतं, रोज लाँचने. वडिलांनी जाळं सांधता सांधता, मान वर न करता हे वाक्य म्हटलं आणि वर "जाव नको" जोडलं. विषय संपला. माझ्या मुलीला मी अडवणार नाही, अशी मी तेव्हा शपथ घेतली होती. आणि खरंच, तोंडाने मी कधी अडवलं नाही.

त्याच सुमारास आम्ही उलव्याला जाऊबाईंकडे गेलो होतो. नवा कोरा फ्लॅट, आणि मुलगा शिकायला परदेशात. त्याच्या खोलीतली चादर त्या दर रविवारी बदलतात. मी विचारलं, "झोपतं कोण?" तर म्हणाल्या, "कोणी नाही गं. पण धूळ बसते ना." दीर बाहेर टीव्ही बघत होते आणि टीव्हीशीच भांडत होते. आम्ही चार तास बसलो, तेवढ्या वेळात ते दोघं एकमेकांशी चहात साखर किती, एवढंच बोलले. घरी आल्यावर मी आधी पोरीच्या खोलीत डोकावले; तिची चादर चुरगळलेली होती, ती मी तशीच ठेवली.

मग फॉर्म आला. बारा कॉलेजं आपल्या पसंतीने ओळीने लावायची. पहिल्या नंबरवर टाकलेलं कॉलेजच पहिल्या फेरीत मिळालं, तर ते घ्यायचं, पुढे बदल नाही. हे सगळं तिनेच मला समजावलं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी ती लॅपटॉप मांडीवर घेऊन ओळी वरखाली करत होती. गंमत म्हणून तिने जवळचं कॉलेज सगळ्यात वर नेलं. "बघ, तुझं मन राखते. खूश?" असं म्हणून हसली आणि परत सातव्या नंबरवर ढकललं. नागपूर पहिलं.

दुसऱ्या दिवशी बापलेक नॉन-क्रिमिलेअरचा दाखला आणायला ठाण्याला गेले. पाच वाजेपर्यंत फॉर्म जायला हवा होता आणि चार वाजता ही अजून रांगेतच. फोन आला. "मम्मी, लॅपटॉप उघड. खाली सबमिटचं बटण आहे, ते फक्त दाब. ओटीपी तुझ्याच फोनवर येईल, तो टाक. बस."

मी उघडला. यादी समोर होती. प्रत्येक ओळीपुढे वर जाणारा एक छोटा बाण. सातव्या ओळीचा बाण मी दाबला. सहा वेळा दाबला. एकदा दाबला असता तर हात घसरला म्हणता आलं असतं. सहा वेळा कोणाचा हात घसरतो? मग सबमिट. ओटीपी आला, मी टाकला. या वेळी घरात आरोळी ठोकायला कोणी नव्हतं. मी उठून चहा ठेवला.

निकाल लागला. जवळचं कॉलेज, पहिल्याच फेरीत. नागपूरला तिच्याहून कमी मार्कांच्या मुलीला तीच ब्रँच मिळाली, हेही दोन दिवसांत कळलं. ती स्क्रीनकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मी सेव्हच केलं नव्हतं वाटतं. वर नेलं होतं ना मी, गंमत करताना... मीच घोळ घातला."

तिचे पप्पा भडकले. तसा शांत माणूस, पण त्या दिवशी बोलले, "गधडे, बारा ओळी नीट भरता येत नाहीत तुला, आणि निघाली एकटी राहायला!" तिने मान खाली घालून सॉरी म्हटलं. त्यांनाही आणि मलाही. मला सॉरी म्हणाली ती! आणि मी? मी लिंबू सरबत करून तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "नशिबात असतं तेच होतं बाळा." तेव्हा माझी जीभ झडली नाही.

मी मनाशी म्हणत होते, सांगेन, थोडं शांत झालं की सांगेन. पण झाकली मूठ उघडायची कोणी? ती रोज सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी घरी यायची, आमच्यासोबत जेवायची. मला हवं ते मिळालं होतं. फक्त पोरगी बदलली. गॅस बंद केला का ते तीनदा बघायला लागली. परीक्षेचा फॉर्म मैत्रिणीकडून तपासून घ्यायची. नातेवाइकांत तर तो विनोदच झाला. कुठे लग्नात, बारशात कोणाच्या फॉर्मचा विषय निघाला की म्हणायचे, "हिला नका हां सांगू, नागपूरचं तिकीट काढाल तर नेरुळला उतराल!" सगळे हसायचे. तीही हसायची. मीही हसले आहे, एकदा नाही, पुष्कळदा.

चार वर्षं अशी गेली. या वर्षी तिला एमटेक करायचं होतं, हैदराबादच्या विद्यापीठात. पुन्हा फॉर्म, पुन्हा ओळी. त्या दुपारी मी ओट्याशी कोळंबी सोलत होते. ती लॅपटॉप घेऊन आत आली आणि माझ्यासमोर धरला. "मम्मी, तू एकदा बघ ना. हैदराबाद पहिलं आहे ना? नीट बघ. मला माझा भरवसा नाही."

मला बाहेर ठेवून तिने गुपचूप फॉर्म भरला असता, तर मी रडले असते, चार शिव्या दिल्या असत्या आणि गप्प बसले असते. पण तिने तो माझ्याच हातात दिला. जिने दगा दिला तिच्याच!

"तू चुकली नव्हतीस," मी म्हटलं. "तेव्हा. मी बदललं होतं."

आधी तिला कळलंच नाही. मग कळलं. मला वाटलं ओरडेल, लॅपटॉप आपटेल. मी तयारीत होते, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "आणि मी सॉरी म्हणत होते तेव्हा तू सरबत करत होतीस?"

मी पुढची कोळंबी सोलायला घेतली.

ती तिथेच खाली बसली, फरशीवर, आणि फॉर्ममधला मोबाइल नंबर बदलायला घेतला. माझा काढून स्वतःचा. बदलायला आधी जुन्या नंबरवर ओटीपी जातो. ओट्यावर माझा फोन टुणकन वाजला. वर न बघता ती म्हणाली, "ओटीपी सांग." या वेळी 'मम्मी' नव्हतं. कोळंबीच्या हातांनी मी फोन धरला आणि सहा आकडे वाचले.

संध्याकाळी मी यांनाही सांगितलं. ते बराच वेळ बूट हातात धरून बसले. मग म्हणाले, "मी तिला गधडी म्हटलं होतं." दुसरं काही नाही. माझ्यावर ओरडले नाहीत, पण त्या दिवसापासून माझ्याकडे बघून बोलतही नाहीत. माहेरी आईला फोन केला, म्हटलं ती तरी आपल्या बाजूने बोलेल. म्हातारी ऐकून घेऊन म्हणाली, "तुज्या बापानं तोंडावर तरी सांगितलान, जाव नको म्हनून. तू त चोरी करून पोरीला चोर केलीस." आईच ती, बरोबर जिथे दुखतं तिथेच बोट ठेवणार.

पोरगी हैदराबादला गेली. पप्पा सोडायला गेले. मी डब्यात सुकट भरून दिली, तिने ती घेतलीही, 'नको' म्हणाली नाही. रागावलेलं माणूस निदान नको तरी म्हणतं. आता तिच्या खोलीत मी जात नाही. चादर तशीच आहे, धूळ बसू दे.

ती पप्पांना रोज फोन करते. मला नाही. फक्त पहिल्या महिन्यात केले, कारण बँक, ईमेल, शिष्यवृत्ती, कुठलं कुठलं खातं, प्रत्येक ठिकाणी माझा नंबर काढायचं तिचं काम चालू होतं. माझा फोन टुणकन वाजायचा आणि लगेच तिचा फोन. "ओटीपी." मी सांगायचे. "ठेवते." मी फोन पदराला बांधल्यासारखा घेऊन फिरायचे, बाथरूममध्येसुद्धा. सगळ्यात आधी काय सुटेल, शेवटी काय उरेल, याचा मनात हिशोब लावायचे.

एक दिवस बँकेचा ओटीपी आला. ती म्हणाली, "हा शेवटचा." मी सहा आकडे वाचले. तिने ठेवला. मिनिटाभरात परत आला.

"चुकीचा दाखवतोय. काय वाचलंस?"

"परत सांगते..."

"थांब." मागे तिच्या होस्टेलमधल्या बादल्यांचे, मुलींचे आवाज येत होते. "चुकून वाचलास की मुद्दाम?"

चार वर्षांपूर्वी हे मला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते.

"मुद्दाम," मी म्हटलं. "तू परत फोन करशील म्हणून."

मागे कोणाची तरी बादली भरून वाहत होती. मग ती म्हणाली, "आता बरोबर सांग."

मी सांगितला. एकेक आकडा, सावकाश. तिने टाकला, आणि ठेवला.