शाली परत याव्यात म्हणून

दसरा उलटला तरी सुरतेच्या पांडेसऱ्यात अंगाची चिकचिक जात नाही. पंखा इकडची गरम हवा तिकडे नेतो, एवढंच. अशा उकाड्यात मागच्या वर्षी मी रोज सकाळी चहा गॅसवर ठेवायचे आणि मोबाइलवर बघायचे की हिमाचलातल्या डोंगरात आज थंडी किती. तिकडे माझं कुणी नाही. बर्फ मी फक्त कॅलेंडरवर पाहिलाय. नवरा मिलमधून रात्रपाळी करून यायचा आणि बूट काढता काढता आमच्या अहिराणीत विचारायचा, "काय देखस वं रोज? तठे कोन शे तुन्हं?"

"शाली शेतस," मी म्हणायचे.

शाली माझ्या नव्हत्या, ठेकेदाराच्या होत्या. तो आमच्याच तालुक्यातला, गाव आमच्या गावाला लागून. मी त्याला दादा म्हणायचे, तो मला वहिनी. शाली-दुपट्ट्यांच्या घडी-पॅकिंगचा ठेका त्याचा, आणि त्यासाठी भाड्याने घेतलेला एक हॉल. तिथे मला शेजारच्या वर्ध्याकडच्या मावशीने लावलं होतं. त्याआधी चार घरची भांडी घासत होते. सातवीत शाळा सुटलेली, दुसरं काय मिळणार? पंख्याखाली बसून शालीची घडी घालायची, आत पुठ्ठा सरकवायचा, वर पिशवी. मला तर सरकारी नोकरी लागल्यासारखं वाटलं. मावशीचे उपकार मी आजही विसरत नाही.

एका दुपारी काही शालींचे धागे ओढलेले निघाले. दादा सरळ माझ्याकडे आला. माझं मनगट धरून तळवा उलटा केला आणि त्यावरून शाल फिरवली. धागा अडकला. मग त्याने माझा हात वर धरला, हॉलमध्ये कामाला बसलेल्या सगळ्या पोरींना दिसेल असा.

"बघा, हे गोवऱ्या थापायचे हात. यांना शाल कुणी दिली?"

दोघी-तिघी हसल्या.

"वहिनी, उद्यापासून येऊ नका."

तेव्हाही वहिनीच म्हणाला. खोटं बोलला असता तर मी भांडले असते. पण भेगा होत्याच, सोड्याने आणि भांड्यांच्या पावडरीने पडलेल्या. म्हणून चपला घातल्या आणि घरी आले.

घरी बसून साड्यांचे धागे कापायचं काम घेतलं. कात्री चालायची आणि डोक्यात तोच वर धरलेला हात. देवापुढे मी त्याचं वाईट मागितलं. रोज, दिवा लावून, नीट हात जोडून. भीतीही वाटायची. हा दुसऱ्या ठेकेदारांना सांगेल, इथे कुठेच उभं करणार नाहीत, मग गावी काय तोंड दाखवायचं? भीती वाटली की मागणं आणखी जोरात व्हायचं.

मग मावशीने बातमी आणली. "पोरी, यंदा त्यानं सोताच्या शाली घेतल्या. डोंगराकडे जांगड धाडल्या म्हन्ते. बायकोचे दागिने ठेवून."

जांगड म्हणजे विकला तर विकला, नाहीतर माल परत. डोंगरात थंडी लवकर पडली की त्याची चांदी. उशिरा पडली की मालाच्या गाठी जशाच्या तशा सुरतेला. त्याची मान कुठे अडकली आहे ते मला कळलं, आणि त्या दिवसापासून मी हवामान बघू लागले.

तेवढ्यात तिकडे वादळ झालं. मोबाइलवर दिसलं, पत्रे कागदासारखे उडालेले, सफरचंदं चिखलात, आणि एक म्हातारी बिनछपराच्या घरात पेटीवर बसलेली. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदी पडव्याला, सुरतेत तुपात घोळलेली घारी खातात, ती मिठाई वाटत दादा चाळीत आला. खुशीत होता. एक घारी माझ्याही हातावर ठेवली.

"घ्या वहिनी, तोंड गोड करा. वादळ झालं, आता थंडी लवकर येणार. लोकांच्या डोक्यावर छप्पर नाही. शाल नाही घेणार तर जातील कुठं?"

मी घारी घेतली. खाल्ली नाही. तिच्यावर थिजलेलं तूप खरवडून तळहातांच्या भेगांना चोळलं, उरलेलं टाचांना.

दोन दिवसांनी हवामान खात्याचा अंदाज आला. हिंदीत होता, मी बोट ठेवून वाचला. वादळ सरलं आहे, पुढचे काही आठवडे हवा कोरडी, दिवसा चांगलं ऊन, थंडी नेहमीपेक्षा उशिरा. पुन्हा वाचला. मग मावशीकडे गेले आणि तिलाही वाचून दाखवला.

"बरं झालं वो," मावशी म्हणाली, "तवलोक त्या बुढीच्या घरावर नव्या टिना बसतीन."

म्हातारी माझ्या डोक्यातच नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे परत येणाऱ्या गाठी होत्या. मावशीने माझ्याकडे बघितलं आणि तांदूळ निवडत म्हणाली, "तुले आनंद झाला ना, मंग झालं. ऊन त्या डोंगरातल्याईले बी पडते."

पण अंदाज तो अंदाज. आमच्याकडे पाऊस सांगतात आणि वाळत घातलेल्या साड्या कडक होतात. म्हणून धाकधूक राहिली. एका सकाळी मोबाइलवर डोंगरावर ढगाचं चित्र आलं, तर मला भाकरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सूर्य दिसला तेव्हा मी दुप्पट जेवले. नवरा म्हणाला, बाई येडी झाली.

दिवाळी झाली आणि चाळीजवळच्या त्याच्या हॉलवर टेम्पोतून गाठी परत आल्या. चाळीतल्या सगळ्यांनी पाहिल्या. गिऱ्हाइकांनी हाताळून चुरगाळलेल्या, ओलीचा वास मारणाऱ्या शाली. मी दारात उभी राहून धागे कापत होते. कात्री इतकी छान कधी चालली नव्हती.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दादा दाराशी आला. हॉलमध्ये तो मराठीत बोलायचा, गरज असली की अहिराणीत.

"वहिनी, जराखं काम व्हतं."

दिल्लीकडचा एक व्यापारी सगळ्या शाली घ्यायला तयार होता, पण माल नव्यासारखा घडी घालून हवा होता, आणि लगेच. पोरी दिवाळीला गावी गेलेल्या, अजून परतल्या नव्हत्या.

मी मराठीतच बोलले. "माझे हात तेच आहेत, दादा."

"चालेल हो."

"धागा ओढला जाईल."

"सांभाळून करा. झालं गेलं सोडा ना आता."

"तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होता. माघारही सगळ्यांसमोर घ्या."

"पोरी गावाला आहेत. कोणासमोर घेऊ?"

"मग त्या येईपर्यंत थांबते मी."

तो माझ्याच उंबऱ्यात बसला, मोबाइल काढला आणि एकेकीला व्हिडिओ कॉल लावला. खाली मान घालून म्हणायचा, "वहिनीला मी बोललो ते चुकलं. हात चांगले आहेत." एक पोर कापूस वेचत होती. तिने ओढणीने घाम पुसला आणि विचारलं, "कोणाचे हात, दादा?"

ती विसरली होती. मी कितीतरी रात्री जिचं हसणं ऐकत कूस बदलली, तिला काही आठवत नव्हतं.

दादाने माझ्याकडे बघितलं. सुटका मागत होता.

"सांगा ना," मी म्हटलं. "पहिल्यापासून सांगा. मनगट धरलं तिथून."

त्याने सांगितलं. मनगट, शाल, गोवऱ्या, सगळं. मी ऐकून घेतलं, मग हातांना खोबरेल लावलं, पदराला पुसलं आणि कामावर गेले.

"राग गेला का वो?" मावशी अजून विचारते. काय सांगू तिला. यंदाही त्याच्या शाली डोंगराकडे जांगड गेल्या आहेत. घड्या माझ्या हातच्या. त्या परत आल्या तर माझंही काम बुडेल, हे मला समजतं. तरी सकाळी चहा ठेवते, मोबाइल उघडते, आणि तिकडे ढग दिसला की माझं मन खट्टू होतं.